गायरानातला हिमालय

रेवसला आजवर कुणी रेवससाठी आलेलं मी पाहिलेलं नाही. इथे माणसं उतरतात ती अलिबागला जायला आणि चढतात ती मुंबईला जायला. सागरी महामार्गाच्या नावातही आम्ही आहोत, पण ‘रेवस ते रेड्डी’ असे, म्हणजे निघून जाण्याच्या टोकाला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते, माणसं एसटीकडे पळतात आणि पाच मिनिटांत धक्क्यावर पुन्हा आम्ही, बगळे आणि धरमतरच्या खाडीचा गाळ एवढेच उरतो. पाण्यापलीकडे करंजा दिसतं. तिथवर जाणारा पूल अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून होतो आहे.

अशा गावात राहून ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झालो आणि माझी लेक शिकायला गेली ती सेंट अँड्र्यूजला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. तिथलं विद्यापीठ १४१३ सालचं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २१७ वर्षं आधीपासून तिथली पोरं हजेरी चुकवत आली आहेत. लेक तिथे सील मोजते. खडकावरचे सील, पाण्यातले सील, गेल्या वर्षीचे, यंदाचे. बायकोचं माहेर बोडणीचं, म्हणजे अस्सल मासळीच्या गावातलं. तिनं फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “समुद्रावर जायचं, काही न पकडता नुसतं मोजून परत यायचं, आणि याचे पैसे देतात?” देतात म्हटल्यावर विलायतेविषयीचा तिचा आदर वाढला की कमी झाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मागच्या एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं निघालो. गावात बातमी पसरली ती अशी, की गुरुजी गोल्फ खेळायला चालले. सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी, हे कुणीतरी पारावर मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. मी आयुष्यात हातात धरलेली काठी एकच, छडी. आणि तीही पुढे सरकारनं बंद केली.

एडिंबराहून आगगाडीत बसलो. फोर्थच्या खाडीवरचा १८९० सालचा तो लालभडक पूल ओलांडला, आणि तासाभरानं लेकीनं आम्हाला लूकर्स नावाच्या भलत्याच स्टेशनात उतरवलं. सेंट अँड्र्यूजला रेल्वेच नाही. होती, पण १९६९ साली बंद केली. पुढे ९९ नंबरची बस. एवढं जगप्रसिद्ध गाव, पण शेवटचा टप्पा सामान मांडीवर घेऊन बसनं! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बसमधून उतरलो तर समोर गाव दिसेना, समुद्रही दिसेना. सगळीकडे पांढरं धुकं. समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला तिथे ‘हार’ म्हणतात. स्वागताची ही पद्धत मला आवडली.

हार उतरल्यावर पहिली नजरेत भरली ती पडझड. कॅथेड्रलच्या दोन टोकांच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, मधलं सगळं आकाश. ११५८ साली बांधायला घेतलेली ही इमारत १३१८ साली पुरी झाली. १६० वर्षं. हा आकडा मी दोनदा ताडून पाहिला आणि करंज्याच्या पुलाबद्दलचा माझा इतक्या वर्षांचा राग जागच्या जागी निवला. त्या मानानं आपण अजून मुदतीत आहोत. रॉबर्ट ब्रूस राजाच्या हजेरीत पावन झालेलं हे कॅथेड्रल १५५९ मध्ये जॉन नॉक्सच्या प्रवचनानं पेटलेल्या जमावानं फोडलं, आणि मग गावकऱ्यांनी त्याचे दगड घरं बांधायला नेले. आमच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटात नारळीच्या वाड्या आहेत, इथे आवारात कबरी. त्यांतली सगळ्यांत वर्दळीची कबर बिशपची नाही, बापलेकांची आहे. थोरला टॉम मॉरिस आणि धाकटा टॉम मॉरिस. दोघंही गोल्फचे बादशहा. धाकट्यानं ओपन ही स्पर्धा लागोपाठ चारदा जिंकली आणि १८७५च्या नाताळच्या दिवशी तो २४व्या वर्षी गेला. थोरला त्याच्यामागे ३२ वर्षं जगला. ही तिथे बराच वेळ उभी राहिली. गोल्फ तिला कळत नाही, पण एवढं कळलं.

किल्लाही पाहिला. तो समुद्रात ढासळतो आहे. आपले किल्ले पाहिलेल्या माणसानं त्याबद्दल जास्त बोलू नये.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना आटोपून विद्यार्थी लाल झगे घालून धक्क्यावर आले आणि लांबच लांब दगडी धक्क्याच्या टोकापर्यंत ओळीनं चालत गेले. टोकाला लोखंडी शिडी चढून वरच्या अरुंद कठड्यावरून परत. वारा असा, की प्रत्येकाच्या झग्याचं शीड झालेलं. १८०० साली जॉन हनी नावाच्या विद्यार्थ्यानं बुडत्या जहाजावरचे खलाशी पोहत जाऊन वाचवले, त्याच्या आठवणीत ही फेरी निघते असं तिथे सांगतात. धक्क्याच्या आत शेवंडी-खेकड्यांचे पिंजरे रचलेले होते. मी पिंजऱ्यांजवळ थांबलो आणि मला ‘रामदास’ आठवली. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या लहानपणी गावात वर्ष सांगायचं तर ‘रामदास बुडाली त्याच्या आधी’ किंवा ‘त्याच्या नंतर’ असं सांगत. आमच्या धक्क्यावरून तिच्यासाठी फेरी निघत नाही. लाँचमधली म्हातारी माणसं त्या भागात आल्यावर हात तेवढे जोडतात.

आता गोल्फ.

गोल्फचं मैदान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एक उंच भिंत येते आणि तिच्या फाटकाशी एक वॉचमन. यात माझी काही चूक नाही. आपल्याकडे हा खेळ साहेबाचं बोट धरून आला. कलकत्त्यात १८२९ साली क्लब निघाला, आणि क्लब म्हटला की भिंत ओघानं आलीच. तेव्हा जगातल्या सगळ्यांत मानाच्या मैदानाला जगातली सगळ्यांत उंच भिंत असणार, असा माझा हिशेब होता. लेक म्हणाली, “बाबा, आलं मैदान.” मी म्हटलं, “कुठे?” ती म्हणाली, “तुम्ही त्यातच उभे आहात.”

भिंत नाही. साधं तारेचं कुंपण म्हणावं असंही काही नाही. एक सार्वजनिक रस्ता मैदान आडवा कापत सरळ समुद्राकडे जातो आणि त्यावरून माणसं बाबागाड्या ढकलत चालली आहेत. हिरवळीवर कुत्री धावताहेत, म्हाताऱ्या बायका हातात हात घालून फिरताहेत. रविवारी ‘ओल्ड कोर्स’ बंद असतो. बंद म्हणजे खेळणाऱ्यांना बंद, गावाला उघडा. थोरल्या टॉमचं म्हणणं असं की तुम्हाला विश्रांती नको असेल, मैदानाला हवी. ज्या मैदानावर एक डाव खेळायचे हंगामात तीनशे पौंडांच्या वर पैसे पडतात, आणि तेही पाहुण्याचं नाव चिठ्ठीत निघालं तर, तिथे आठवड्यातून एक दिवस कुत्र्याला फुकट प्रवेश. हिनं तीनशे पौंडांचे रुपये केले, तीस हजारांच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं आणि चपला काढून गवतावर चालायला लागली. “पैसे वसूल,” म्हणाली.

मग माझ्या ध्यानात आलं, हे गायरान आहे. अगदी आपलं, सातबाऱ्यावर असतं तसलं गायरान. पुळणीच्या मागे आणि शेतीच्या पुढे वाळूमिश्रित जमिनीचा जो पट्टा असतो, जिथे भात होत नाही, भाजी होत नाही, फक्त गवत होतं, त्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. गावची मेंढरं तिथे चरायची. वारा लागायला लागला की वाळूत खळगे करून त्यांत दडून बसायची. त्याच खळग्यांना आज बंकर म्हणतात आणि त्यांत चेंडू गेला की करोडपती रडतात. एका बंकरचं नाव तर सरळ ‘नरक’ आहे. १९९५ साली जॅक निकलससारख्या माणसाला त्यातून बाहेर पडायला चार फटके लागले. त्या नरकाचा मूळ आराखडा एखाद्या मेंढीचा असावा, ही कल्पना मला फार समाधान देऊन गेली.

त्या जमिनीवर लोक इतका काळ खेळत आले आहेत, की १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं गोल्फवर बंदी घातली. का, तर पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच करतात. बंदीचा परिणाम काय होतो हे गोट्या जप्त करणाऱ्या कुठल्याही मास्तराला विचारा. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपनं उलट लिहून दिलं की ससे मी पाळीन, पण या जमिनीवर खेळायचा हक्क गावकऱ्यांचाच. पुढे १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं जमीन हातची घालवली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदानाची चाळण केली. गाव आणि ससे यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षानुवर्षं चालल्या, आणि अखेर १८२१ साली एका गोल्फवेड्या जमीनदारानं ती जमीन विकत घेतली तेव्हा कुठे खेळ वाचला. आज ती पुन्हा सार्वजनिक आहे.

हे सगळं ऐकताना मला आमचा किनारा दिसत होता. मांडव्यापासून पुढे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कंपाउंडच्या भिंती इतक्या उगवल्या आहेत, की समुद्र कुठल्या बाजूला हे वासावरून ओळखावं लागतं. ज्या वाटेनं आम्ही पोरं पुळणीवर जायचो तिथे आता कॅमेरा लावलेलं फाटक आहे. आमच्याकडेही जमिनी गेल्या त्या ससे घेऊन आलेल्यांकडे नाहीत, एवढाच फरक. सशांशी निदान कोर्टात भांडता आलं असतं.

गावकऱ्यांचा आणखी एक हक्क मला फार आवडला: या मैदानावर कपडे वाळत घालण्याचा. एकोणिसाव्या शतकातल्या गोल्फच्या नियमांत चक्क त्याची सोय आहे. चेंडू कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर चेंडूखालून कपडा अलगद ओढून घ्यावा. धुण्याचा टब आड येत असेल तर टब बाजूला करावा. म्हणजे खेळ थांबायचा नाही आणि बाईचं धुणंही. आमच्याकडे कधी गोल्फ आलाच, तर बोडणीच्या वाळवणासाठी असा नियम लागेल: चेंडू जवळ्यात पडला तर खेळणाऱ्यानं जवळा न सांडता चेंडू काढावा, बोंबलांच्या वलांडीत अडकला तर चेंडू सोडून द्यावा आणि घरमालकिणीची माफी मागावी.

मैदानाच्या टोकाला स्विल्कन नावाचा ओहोळ आहे आणि त्यावर एक छोटासा दगडी पूल. जगभरचे गोल्फवाले त्यावर उभे राहून फोटो काढतात, काही जण डोळे पुसतात. २०२३ साली त्याच्या पायथ्याशी कुणी थोडी फरसबंदी केली, तर जगभर असा गदारोळ झाला की ती काही दिवसांत उखडावी लागली. मी जवळ जाऊन पाहिलं. साकव! मेंढरं पलीकडे न्यायला सातशे वर्षांपूर्वी घातलेला साकव. असले साकव ओलांडत आमच्याकडची पोरं शाळेत येतात, आणि वाहून गेले की पावसाळाभर येत नाहीत. मीही त्यावर उभा राहून फोटो काढला. मागे रांग होती.

या गावाला आपलं काय काय चिकटलं आहे, ते मला दोन दिवस चालत फिरल्यावर कळलं. एक कथा तिथे सांगतात. पूर्वी गोल्फचा चेंडू चामड्याचा असे, आत टोपीभर उकडलेली पिसं ठासलेली; महाग, आणि भिजला की फुटणारा. १८४०च्या दशकात तिथल्या पॅटर्सन नावाच्या घरात पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. वाटेत फुटू नये म्हणून ती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकात, त्याच्या ढलप्यांत गुंडाळलेली होती. त्या घरच्या मुलानं मूर्ती बाजूला ठेवली, तो चीक गरम पाण्यात मऊ केला आणि वळून चेंडू बनवला. चेंडू स्वस्त झाला आणि श्रीमंतांचा खेळ शिंप्या-न्हाव्यांच्या हाती आला. कथेत खरं किती हे विष्णूला माहीत. हिचं एवढंच म्हणणं पडलं, की देव ठेवला बाजूला आणि खोक्याशी खेळत बसला, पोरं सगळीकडची सारखीच.

दुसरी गोष्ट मात्र कथा नाही. साउथ स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरून जाताना मला इंग्रजीत पाटी दिसली: मद्रास कॉलेज. मला वाटलं इडलीचं दुकान असेल. ती गावची माध्यमिक शाळा, १८३३ सालची. आता ती नव्या जागी गेली आहे, पण नाव मद्रासच. अँड्र्यू बेल हा इथल्या एका न्हाव्याचा मुलगा, जन्म १७५३चा. तो हिंदुस्थानात गेला आणि मद्रासला अनाथ मुलांच्या शाळेचा मुख्य झाला. शिक्षक पुरेनात, होते ते ऐकेनात. एकदा त्यानं देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली, आणि मोठी मुलं लहानांना शिकवताना पाहिली. त्यानं तेच उचललं. पुढे ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून जगभर गेली, बेल वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला, आणि त्याच्या पैशातून त्याच्या गावात ही शाळा उभी राहिली.

मी पाटीखाली उभा राहून मोठ्यानं हसलो. धूळपाटी! माझ्या आज्यानं जिच्यावर श्रीगणेशा गिरवला ती. आणि मोठ्यांनी लहानांना शिकवायचं म्हणाल, तर मी ३४ वर्षं दुसरं काय केलं? द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यांत दुसरे गुरुजी बहुतेक वेळा जनगणनेला नाहीतर निवडणुकीच्या कामाला. चौथीतली मुलगी पहिलीला बाराखडी शिकवायची, मी दुसरी-तिसरीचे पाढे घ्यायचो, आणि एवढ्यात साहेब तपासणीला आले तर शेरा मारायचे, ‘वर्गनियंत्रण असमाधानकारक.’ ते शेरे मी जपून ठेवले आहेत. त्या प्रत्येक शेऱ्याखाली आता ‘मद्रास पद्धत, पाहा सेंट अँड्र्यूज’ असं लाल शाईनं लिहायचा विचार आहे.

गुरुवारी आणखी एक भानगड झाली. सेंट सॅल्व्हेटर चॅपेलच्या दारात फरसबंदीत ‘पी एच’ अशी अक्षरं बसवली आहेत. पॅट्रिक हॅमिल्टन या तरुणाला १५२८ साली नवा धर्मविचार शिकवला म्हणून तिथे जिवंत जाळलं. त्या अक्षरांवर पाय पडला तर विद्यार्थी नापास होतो, म्हणून सगळे वळसा घालून जातात. मी सरळ चालत गेलो. लेक ओरडली, “बाबा, गेलात तुम्ही!”

मी तिला समजावलं की माझी आता एकच वार्षिक परीक्षा उरली आहे: नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात आहोत हे सिद्ध करायचं. एका वर्षी त्यातही यंत्रानं माझा अंगठा ओळखला नव्हता आणि काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं होतं, “काका, नक्की तुम्हीच ना?” त्यामुळे धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. या दोषावर उतारा आहे. १ मेला पहाटे उगवत्या सूर्याबरोबर उत्तर समुद्रात डुबकी मारली की पाप धुतलं जातं. १ मे! आमच्याकडे त्या दिवशी सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि मग निकाल. इकडे निकालाच्या भीतीनं शेकडो पोरं अंधारात किनाऱ्यावर काकडत उभी होती आणि तांबडं फुटताच किंचाळत पाण्यात घुसली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घोटाभर पाण्यात उभं राहून मनातल्या मनात झेंडावंदन उरकलं. पाणी असं होतं की पाय माझे आहेत हे सिद्ध करायलाही दाखला लागला असता.

त्याच दुपारी लेकीनं विचारलं, “आई, हिमालयात येतेस?”

ओल्ड कोर्सच्या कडेलाच एक मैदान आहे, सगळं उंचवटे आणि उतार, त्याचं नाव ‘हिमालयाज’. इथे चेंडू नुसता ढकलत भोकात घालायचा. हे मैदान १८६७ साली बायकांसाठी काढलं, कारण बाईमाणसानं काठी खांद्याच्या वर उचलणं तेव्हा शोभत नसे. त्या बायकांच्या क्लबाचंच ते आजही आहे. चार पैसे भरून कुणालाही खेळता येतं. पलीकडचा रॉयल अँड एन्शंट क्लब १७५४चा. त्यांनी बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली. लेकीनं हे सांगितलं तेव्हा ही पदर खोचत होती. म्हणाली, “बरं केलं. तेवढ्यात बायकांनी हिमालय घेतला.”

नेसूची साडी, वर लेकीचं जाकीट, पायांत बूट. अशी ती पहिल्या भोकापाशी उभी राहिली, उताराकडे पाहिलं आणि चेंडू भलत्याच दिशेला ढकलला. मी हसलो. चेंडू वळसा घेत घेत खाली आला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. मी मात्र नीट नेम धरून सरळ भोकाकडे मारत होतो आणि माझा चेंडू दर वेळी शेजारच्या दरीत जात होता. सातव्या भोकाशी मी तिला गुपित विचारलं. “ओहोटीला पाणी कुठून उतरेल ते बघायचं,” ती म्हणाली. “चेंडू तिकडेच जातो. तुम्ही भोक बघता.”

अठरा भोकांना तिला ५७ फटके लागले. माझे लेक मोजत होती. मोजणं हा तिचा धंदा आहे, उत्तर समुद्रातले सील ती मोजते, पण सत्तरच्या पुढे तिनंही सोडून दिलं.

परत आलो तेव्हा ओहोटी होती. लाँच रेवसच्या धक्क्याजवळ गाळात टेकली आणि पाणी चढायची वाट बघत आम्ही अर्धा तास बसून राहिलो. शेजारच्या बाईनं हिला विचारलं, कुठून आलात? “हिमालयातून,” ही म्हणाली. बाईनं हात जोडले आणि किती दिवस लागले ते विचारलं. “मला पाऊण तास लागला. मग ह्यांची वाट बघत बसले होते.”